बालरोगतज्ज्ञ नाहीत, म्हणूनच तर मागते आहे

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
रुग्ण कल्याण समिती,
ग्रामीण रुग्णालय
(तालुक्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. वाचणाऱ्या बऱ्याच जणांना ते आपल्याच तालुक्याचं वाटेल.)

विषय : अपघात विभागात लहान मुलांसाठीचं साहित्य नाकारण्याच्या ठरावाबाबत

सप्रेम नमस्कार,

मी आपल्याच रुग्णालयातून अधिपरिचारिका म्हणून निवृत्त झाले. 29 वर्षांच्या नोकरीतली 17 कॅज्युअल्टीत गेली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. समितीतल्या दोघांच्या नातवंडांना टाके घालताना मी धरून ठेवलेलं आहे. त्यामुळे ‘ह्या बाईंचा काय संबंध’ असं कोणी विचारणार नाही, अशी आशा करते.

तीन महिन्यांपूर्वी मी समितीकडे एक पानी अर्ज दिला. कॅज्युअल्टीत लहान मुलांसाठी एक वेगळी ट्रॉली असावी, तीत काय काय असावं, याची यादी सोबत जोडली होती. गेल्या बैठकीत त्यावर ठराव झाला. नक्कल माझ्यासमोर आहे : “बालरोगतज्ज्ञाचे पद रिक्त असल्याने सदर साहित्याचा उपयोग होणार नाही, सबब मागणी तूर्त विचारात घेता येत नाही.” त्याच बैठकीत आवारातले पेव्हर ब्लॉक आणि प्रवेशद्वारावरची स्वागत कमान मंजूर झाली.

पेव्हर ब्लॉकला माझा विरोध नाही. पावसाळ्यात त्या चिखलातून स्ट्रेचर मी स्वतः ढकलला आहे, चाक रुतलं की काय होतं ते मला माहीत आहे. कमानीबद्दल मी काही बोलत नाही. माझं भांडण त्या ‘सबब’ शब्दाशी आहे. गावात अग्निशामक बंब नाही, सबब घरात पाण्याची बादली भरून ठेवू नये, असं आपण कोणाला सांगू का?

रात्री अडीच वाजता आपल्या कॅज्युअल्टीत कोण असतं? एक वैद्यकीय अधिकारी, तेही बऱ्याचदा लेबर रूममध्ये अडकलेले. एक सिस्टर आणि एक मावशी. उद्या पद भरलं आणि बालरोगतज्ज्ञ आले, तरी त्या वेळी ते घरी झोपलेले असतील, आणि झोपावंच त्यांनी. पोर दारात आलं की पहिली वीस मिनिटं त्याच्याजवळ हेच तिघं असणार. ट्रॉली ह्या तिघांसाठी आहे. तज्ज्ञ काय, डोळ्यांनी अंदाज घेऊनही निभावून नेतील.

आता ज्यासाठी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, ते सांगते.

बारा-तेरा वर्षं झाली. मे महिन्यातली दुपार. सात वर्षांचा मुलगा, जांभळाच्या झाडावरून पडलेला. बाप आणि काका मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन आले. डाव्या बरगडीवर फक्त खरचटलेलं, रक्ताचा थेंब नाही. “सिस्टर, काय लागलेलं दिसत नाय, पण बघून घ्या,” काका म्हणाला. मुलगा बाकावर शांत बसला होता. रडत नव्हता, फक्त पाणी मागत होता. मी बीपी घेतलं. मोठ्या माणसाचा पट्टा त्याच्या दंडावर दोनदा गुंडाळून. 98/60 आलं. नाडी 148. घाबरला असेल, म्हटलं. एक्स-रेमध्ये एकही बरगडी मोडलेली नव्हती. डॉक्टर दुसऱ्या अपघातातल्या माणसाला टाके घालत होते. मी केसपेपरवर लिहिलं : ‘बीपी नॉर्मल. निरीक्षणाखाली.’

तासाभराने त्याला झोप यायला लागली. हात हातात घेतला तर गार. मग धावपळ, गाडी, घाट. जिल्ह्याला पोचेपर्यंत तो राहिला नाही. प्लीहा फुटली होती आणि सगळं रक्त पोटात गेलं होतं.

त्या केसपेपरवरचं अक्षर माझं आहे.

काय चुकलं, ते मला पुढे एका प्रशिक्षणात कळलं. एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी फळ्यावर साधं गणित मांडलं होतं. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण 80 मिली रक्त असतं. अठरा किलोच्या पोराचं सगळं रक्त दीड लिटरही भरत नाही. आपण प्रवासात घेतो तेवढी अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली ओतली, की त्याचा तिसरा हिस्सा संपला. आणि तेवढं जाईपर्यंत मुलाचं शरीर बीपी पडू देत नाही. शिरा आवळतं, हृदय दामटतं, आकडा धरून ठेवतं. मग एकदम सोडून देतं. मोठ्या माणसाचं बीपी उतरणीने उतरतं, पोराचं कड्यावरून पडतं. त्याच्या आधी धोका नाडी सांगते, हातापायांचा गारवा सांगतो, नखावर दाबून सोडल्यावर लाली परत यायला लागलेले सेकंद सांगतात. न रडणारं, पाणी मागणारं, गप्प बसलेलं मूल हीच धोक्याची खूण होती. मी तिला समजूतदारपणा समजले.

आणि बरगड्या? लहान मुलाची बरगडी ओल्या बांबूसारखी असते. वाकते, मोडत नाही. मोठ्या माणसात मार हाडावर थांबतो, मुलात तो तसाच आत जातो, फुफ्फुसाला, यकृताला, प्लीहेला. शिवाय पोटाची भिंत पातळ आणि हे अवयव बरगड्यांच्या खाली डोकावणारे. एक्स-रे स्वच्छ आला म्हणून सुटकेचा श्वास आम्ही सगळ्यांनी घेतला होता.

ट्रॉली असती तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित नसताही वाचला. पण सात वर्षांच्या मुलाची नाडी किती असावी, एवढं जरी समोरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, तर तो तासभर बाकावर बसून राहिला नसता.

आता तक्रारी एकेक करून.

नुकतंच जन्मलेलं बाळ आणि मोठा माणूस, दोघांची आपल्याकडे सोय आहे. लेबर रूममध्ये वॉर्मर आहे, नवजात बाळाची छोटी अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे, बोटभर मास्क आहे. जिल्ह्याला नवजात शिशूंचा कक्ष आहे, तो 28 दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी. कॅज्युअल्टीत मोठ्यांचं सगळं आहे. मधल्या पोराचं काहीच नाही. चार वर्षांच्या मुलाचा श्वास मंदावला, की सिस्टर लेबर रूमकडे धावते. तिथला मास्क त्याच्या तोंडाला पुरत नाही. कॅज्युअल्टीतला लावला तर तो हनुवटीच्या खाली जातो आणि हवा गळते. बॅगचंही तसंच. मोठ्यांची साधारण दीड लिटरची, मुलांची अर्ध्या लिटरची, नवजाताची पाव लिटरची. दीड लिटरची बॅग चार वर्षांच्या छातीवर घाबरलेल्या हाताने दाबली तर फुफ्फुस फाटू शकतं. पाव लिटरची पुरत नाही. मधली बॅग माझ्या 17 वर्षांत कॅज्युअल्टीत आली नाही.

इंट्राकॅथची, म्हणजे शिरेत घालायच्या सुईची, तीच गत. स्टोअरमधून जाड, हिरवे आणि गुलाबी भरपूर येतात. मुलांना लागणारे बारीक निळे कधी असतात, कधी नसतात. त्याहून बारीक पिवळा मागितला की “तो एनबीएसयूचा (नवजात बाळांच्या खोलीचा) आहे” असं उत्तर मिळतं. जुलाबाने डोळे खोल गेलेल्या वर्षाच्या पोराला गुलाबी सुईने शीर शोधताना आईने बघू नये. शीर मिळालीच नाही तर नडगीच्या हाडात सुई घालून सलाईन देता येतं, ती पद्धत जगभर वापरात आहे. ती सुई मी फक्त प्रशिक्षणात पाहिली.

ऑक्सिमीटरची चिमटी बाळाच्या बोटावर बसत नाही, म्हणून आम्ही ती पायाच्या अंगठ्याला लावून आकडा यायची वाट बघतो. मानेचा पट्टा एकाच मापाचा, तो पाच वर्षांच्या मुलाला लावला की नाकापर्यंत येतो. म्हणजे लावलाच जात नाही.

भाजलेल्याचा तक्ता मोठ्यांचा टांगलेला आहे. त्यात अंगाच्या एकूण कातडीपैकी डोकं 9 टक्के आणि एक पाय 18 टक्के. वर्षाच्या आतल्या बाळाचं डोकंच 18 टक्के असतं आणि पाय 14च्या आसपास. न्हाणीतल्या हंड्यातलं कढत पाणी डोक्यावरून सांडलेलं बाळ आपल्याकडे दर हिवाळ्यात येतं. चुकीच्या तक्त्यावरून निम्मा हिशेब होतो, सलाईनही निम्मं जातं आणि रेफरच्या चिठ्ठीवरही निम्माच आकडा जातो. वजनाच्या मानाने बाळाची कातडी जास्त असते, म्हणून ते झपाट्याने गारही पडतं. भाजल्यावर पाणी ओतायचं ते जखमेवर. बाकीचं अंग गुंडाळून ठेवायचं असतं, हे नव्या मुलींना माहीत नसतं आणि त्यांना दोष देता येत नाही.

औषधाच्या मापाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे चूक सोपी आहे. विंचवावरचं प्राझोसिन किलोच्या हिशेबात द्यायचं, एका वेळी किलोला 30 मायक्रोग्रॅम. साप चावला तर मात्र मुलाला लस मोठ्या माणसाइतकीच लागते, कारण फुरसं चावताना समोरचं पोर आहे की बाप, हे बघून विष कमी सोडत नाही. ‘लहान आहे, अर्ध्या व्हायल देऊ’ असं म्हणणारे चांगले, कष्टाळू डॉक्टर मी पाहिले आहेत. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस सगळ्यांना सारखी, पण जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन वजनावर. आणि मुलांचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्याच उंचीवर येतं, त्यामुळे चावे गालावर, मानेवर. कशाचं माप वजनावर आणि कशाचं नाही, हे रात्री अडीचला आठवत बसायचं नसतं. ते भिंतीवर हवं.

विंचवाचा विषय निघाला म्हणून. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात केलेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांना 2022 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्यांनी महाडला बसून जे केलं, ते कुठल्या मोठ्या यंत्रावर केलं नाही. घाम, वांती, गार हातपाय ओळखायचे, बीपीची एक स्वस्त गोळी, तेच प्राझोसिन, वेळेत द्यायची आणि रुग्णाजवळ बसून राहायचं. एवढ्यावर कोकणातली कितीतरी पोरं जगली. विंचवाचा धोका पोरांनाच जास्त, कारण तेवढंच विष दहा किलोच्या अंगात जास्त भिनतं. गोळी दिल्यावर मूल आडवंच ठेवावं लागतं. आई कळवळून उचलून खांद्याला लावते आणि बीपी पडतं. मी आईलाच खाटेवर चढवून मुलाशेजारी आडवं व्हायला सांगायची. याला पद रिक्त असून अडलं नाही.

काही गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने मोठं आणि मागून फुगीर. सपाट फळीवर निजवलं की मान पुढे वाकते आणि श्वासाची वाट दबते. खांद्याखाली घडी घातलेला टॉवेल पुरतो. वाट मुळात किती? बाळाच्या श्वासनळीची रुंदी 4 मिमी धरा. चहूबाजूंनी 1 मिमी सूज आली की उरली 2. वर्तुळाचं क्षेत्रफळ शाळेत केलेल्यांनी हिशेब करावा, वाट चौथाई उरते. तीच सूज आपल्याला आली तर आपण घसा खवखवतो म्हणून लवंग चघळू. अशा बाळाला आईच्या मांडीवरून ओढून टेबलावर निजवलं, ते किंचाळलं, की उरलेली वाटही बंद होते. ‘आईने बाहेर थांबावं’ ही पाटी कॅज्युअल्टीच्या दारावरून काढा, एवढं केलंत तरी मी एक पाऊल मागे येईन.

शेंगदाणा अडकला तर काय करायचं, हेही वयावर बदलतं. वर्षाच्या आतल्या बाळाला पालथं धरून पाठीवर पाच थापट्या, मग उलटं करून छातीच्या मधोमध पाच दाब. पोट दाबायचं नाही, यकृत फाटतं. वर्षापुढच्यांना पोटावरचे धक्के चालतात. आणि दिसत नसताना तोंडात बोट घालायचं नाही. आपल्याकडे मात्र आणणाऱ्या प्रत्येकाने वाटेत बोट घातलेलंच असतं.

ह्या सगळ्यावर मी माझ्यापुरता एक उपाय केला होता. जांभळाच्या झाडावरच्या त्या मुलानंतर. शिंप्याची मोजपट्टी आणली आणि दर काही सेंटिमीटरला रंगीत धागा बांधला. अमेरिकेत ब्रोसलो नावाच्या डॉक्टरांनी अशी पट्टी बनवली आहे, मूल तिच्याशेजारी निजवायचं आणि लांबीवरून वजन, वजनावरून औषध आणि नळीचं माप बघायचं. ती तिकडच्या मुलांवर बेतलेली, आपल्या किडकिडीत पोरांचं वजन ती जास्त सांगते. म्हणून मी अंगणवाडीच्या वहीतली उंची-वजनं दोन वर्षं उतरवून घेतली आणि धाग्याशेजारी मार्करने लिहिलं : किलो, नाडी, इंट्राकॅथ, मास्क. मेडिकल ऑफिसर बदलत गेले, पट्टी खिळ्यावर राहिली. एका सरांनी तर तिच्यावर आपल्या अक्षरात साखरेच्या सलाईनचं मापही लिहून भर घातली.

माझ्या निवृत्तीनंतर कायाकल्पच्या (सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेच्या पुरस्काराच्या) तपासणीआधी रंगकाम झालं. भिंत स्वच्छ झाली. खिळाही काढला आणि पट्टीही. कोणी मुद्दाम केलं नाही. ती काय आहे, हे सांगणारं कोणी उरलं नव्हतं, इतकंच.

म्हणून माझ्या मागण्या, सरळ :

1. गेल्या बैठकीतला ठराव मागे घ्यावा. निधीला वेळ लागला तरी चालेल, पण ‘तज्ज्ञ नाही म्हणून साहित्य नको’ हे वाक्य इतिवृत्तात राहू नये. उद्या दुसरी समिती त्याचा दाखला देईल.

2. कॅज्युअल्टीत मुलांची एक ट्रॉली. मधल्या मापाची अंबू बॅग, तीन मापांचे मास्क, निळे-पिवळे इंट्राकॅथ, मायक्रोड्रिप सेट (बारीक थेंबांनी सलाईन देणारी नळी), हाडातली सुई, मुलांचे बीपीचे पट्टे, मानेचे छोटे पट्टे, लहान प्रोबचा ऑक्सिमीटर, साखर तपासायचं यंत्र. ती कुलपात नको, सीलमध्ये असावी. किल्ली शोधताना गेलेली मिनिटं मी मोजलेली आहेत. दर सोमवारी तपासून सही.

3. वजनकाटा कॅज्युअल्टीतच, ओपीडीच्या बंद खोलीत नको. आणि भिंतीवर मराठीत तक्ता. तो मी फुकट लिहून देते, बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेण्याची जबाबदारी समितीची.

4. दर तीन महिन्यांनी अर्धा दिवस बाहुलीवर सराव. त्यात मावशी आणि वॉर्डबॉय धरावेतच. रात्री मूल पहिल्यांदा त्यांच्याच हातात येतं. कंत्राटी मुली वर्षा-दीड वर्षाने बदलतात, म्हणून एकदा करून भागणार नाही.

5. मूल पुढे पाठवण्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या बालरोग विभागाशी फोनवर बोलणं आणि वेळेची नोंद. 108 ची गाडी 2014 पासून आली, तिच्यात डॉक्टर असतात, हा केवढा आधार आहे. पण घाट उतरल्यावर पलीकडे कोणाला तरी माहीत असायला हवं, की काय येतं आहे.

6. बारा वर्षांखालच्या मुलांची वेगळी नोंदवही. वय, वजन, आल्याची वेळ, पाठवल्याची वेळ, पुढे काय झालं. प्रत्येक बैठकीत ती वाचावी. मुलं किती येतात, असं आपण मला बैठकीत विचारलंत, तेव्हा मला आकडा सांगता आला नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नाही. मग ‘उपयोग होणार नाही’ हे तरी कशावरून ठरलं?

तालुक्यातल्या आई-बापांनाही दोन शब्द. स्कूटरच्या पुढच्या फळीवर पोराला उभं करून बाजारात येऊ नका. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि मागे बांधायचा पट्टा हवा, गाडी 40च्या वर नको, असा नियम 2023 पासून लागू आहे. आपल्या बाजारात तो पट्टा मिळत नाही, हे खरं. मागणी केलीत तर दुकानदार आणेल. आणि अंगणवाडीतून महिन्याला वजन करून मिळतं, ते कार्डावर लिहून घ्या आणि कार्ड गाडीच्या डिकीत ठेवा. रात्री सिस्टरने “किती किलोचा?” विचारलं की तिला आकडा हवा असतो. “खातो कमी हो” हे नको असतं.

समितीची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आहे, असं कळलं. उत्तर लेखी मिळावं, ही विनंती. नवी पट्टी करायला घेतली आहे. शंभर सेंटिमीटरपर्यंत धागे बांधून झाले आहेत, त्यापुढच्या मुलांची वजनं शाळेतून मिळवायची आहेत. मुख्याध्यापक पत्र मागतात, समितीच्या लेटरहेडवरचं. तेवढं बैठकीच्या आधी मिळालं तर बरं होईल.

आपली,
एक निवृत्त अधिपरिचारिका